गप्प बसण्याचा अर्थ

कुमुदवन्सं गेल्याचा फोन आला तेव्हा मी मळ्यातल्या शेडमध्ये होते. शेवंतीच्या करंड्या भरून झाल्या होत्या, पंचवटीच्या फूलबाजाराला जाणारा टेम्पो दारात घुरघुरत उभा होता आणि ड्रायव्हर रोजच्यासारखा उशिराचं खापर माझ्यावर फोडत होता. फोन ह्यांचा होता. बहिणीजवळ दवाखान्यात तेच बसले होते. "ताई सुटली गं," एवढंच म्हणाले. मी टेम्पो रवाना केला, हात धुतले आणि रिकाम्या करंड्यांशेजारी जमिनीवरच बसले. खरं सांगायचं तर त्या वेळी मला दुःखाच्याही आधी हायसं वाटलं. शेवटचे काही आठवडे त्यांना श्वास घेणं म्हणजे घाट चढण्यासारखं झालं होतं, त्यातून त्या मोकळ्या झाल्या म्हणून तर वाटलंच, पण मोठं कारण दुसरं होतं. आमच्या दोघींमध्ये आता काही अडकून राहिलेलं नव्हतं. काही वर्षांपूर्वी त्या गेल्या असत्या तर मी हे लिहायला बसलेच नसते, आणि बसले असते तर चारचौघांत शोभेल असं खोटं लिहिलं असतं. आज महिना होऊन गेल्यावर खरं लिहिता येतंय. ते का, हे सांगायचं तर अमेरिकेतल्या एका कोर्टात जावं लागेल. मी तिथे कधी गेलेली नाही. वन्सं गेल्या होत्या.

वन्सं म्हणजे माझी मोठी नणंद, ह्यांची थोरली बहीण. आमचं घर माळ्यांचं, मखमलाबादच्या मळ्यात भाजीपाला आणि फुलं पिकवून नाशकात विकणारं. त्या घरात बी.ए. झालेल्या त्या पहिल्या, तेही इंग्रजी घेऊन. लग्न होऊन त्या शहरात गेल्या आणि मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागल्या. त्यांच्या वर्गात टाचणी पडली तर टाचणीच घाबरायची, असं त्यांच्या विद्यार्थिनी अजून सांगतात. चूक कोणी केली हे ओळखायला त्यांना चौकशी लागत नसे. "उभं करायचं आणि विचारायचं," त्या म्हणायच्या, "जी बोलत नाही, तिनेच केलेलं असतं." शाळेत हे चाललं, म्हणून घरातही चाललं. आमच्याकडे दुधावरची साय कोणी खाल्ली इथपासून सगळे निकाल वन्संच लावायच्या आणि सासूबाई कौतुकाने ऐकून घ्यायच्या.

मी सायखेड्याची. लग्न होऊन आले तेव्हा घाबरट होते असं कोणी म्हणणार नाही, तोंडाने तर मुळीच नव्हते. म्हणूनच बहुधा वन्संना मी आवडले. सुट्टीला माहेरी आल्या की मला घेऊन बाहेर पडायच्या. नवऱ्याने जे शिकवायला हवं होतं ते, म्हणजे सायकल चालवायला, त्यांनी मला गोदाकाठच्या रस्त्यावर शिकवलं. मी पडले की हसायच्या आणि मी उलट बोलले की आणखी हसायच्या. नणंद-भावजयीबद्दल आपल्याकडे जे काही बोललं जातं ते सगळं आमच्या बाबतीत खोटं ठरणार, असं मला तेव्हा वाटायचं.

मग शालनचं लग्न ठरलं आणि मोडलं. शालन म्हणजे माझी धाकटी नणंद. तिला लहानपणी आकडी यायची. औषधं चालली, शाळेत जायला लागेपर्यंत आकडी थांबली आणि पुढे कधी आली नाही. स्थळं पाहताना घराने ठरवलं की जुनी गोष्ट काढायची नाही. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही, पण लग्नाला दोन वर्षं झालेल्या सुनेला कोण विचारतंय. सुपारी फुटली, साड्या झाल्या, आचारी सांगून झाला, आणि एक दिवस मध्यस्थ आले ते चहाला हात न लावता बसले. मुलीला फिट येतात असं पाहुण्यांच्या कानावर गेलंय, ते थांबतायत, असा निरोप त्यांनी सांगितला. मुलाचं गाव माझ्या माहेरापासून हाकेच्या अंतरावर. संशयाला आणखी काय लागतं? संध्याकाळी सगळे ओट्यावर जमले. वन्सं शहरातून आल्या होत्या. त्यांनी आवाज चढवला नाही. "सुमन, हे तुझ्याकडून गेलं का?" एवढंच विचारलं.

मी गप्प बसले.

माझ्याकडून गेलं नव्हतं. कोणाकडून गेलं ते मला ठाऊक होतं. त्या माणसाच्या मनात वाईट काही नव्हतं, बोलता बोलता निघून गेलं होतं, आणि मी नाव घेतलं असतं तर त्याला दोन्ही घरांत तोंड दाखवायला जागा उरली नसती. नुसतं 'मी नाही' म्हणायची सोय नव्हती, कारण पुढचा प्रश्न 'मग कोण' हाच आला असता, आणि वन्संपुढे उभं राहून खोटं बोलणं माझ्याच्याने झालं नसतं. म्हणून मी मान खाली घातली. वन्सं माझ्याकडे बघत राहिल्या. मग हळूच "बरं" म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.

मला कोणी बोललं नाही, माहेरी पाठवलं नाही. फक्त मी खोलीत आले की विषय बदलायला लागला. कोणाला दिवस गेले, कोणाचा जमिनीचा व्यवहार होतोय, कोणाचं कोणाशी पटत नाही, हे मला गल्लीतल्या बायकांनंतर कळायचं. सासूबाईंच्या दुखण्याचं नाव काय हेसुद्धा मला उशिरा सांगितलं, आणि त्यांना औषध देत होते ती मीच. ह्यांनी मला त्या दिवसाबद्दल कधी विचारलं नाही. विश्वास होता म्हणून, की उत्तराची भीती होती म्हणून, ते मला आजही माहीत नाही. शालनचं पुढे चांगलं झालं. ओझरच्या कारखान्यातला मुलगा मिळाला, त्याला आकडीचं आधीच सांगितलं, तो म्हणाला, आता येत नाही ना, मग झालं. तिचा संसार आमच्या सगळ्यांपेक्षा सुखाचा आहे. पण तिनेही त्या जुन्या गोष्टीबद्दल माझ्यापाशी कधी चकार शब्द काढला नाही. आणि वन्सं... त्या माझ्याशी वाईट कधीच वागल्या नाहीत. माझं ऑपरेशन झालं तेव्हा रजा टाकून उशाशी बसल्या. पण माझ्याशी त्या जपून बोलायला लागल्या. जिने येता-जाता आपली टर उडवावी तिने जपून बोलावं, यासारखी शिक्षा नाही. मी ती अर्धं आयुष्य भोगली.

भाऊजी, म्हणजे वन्संचे यजमान, गेल्यावर मंदारने, त्यांच्या मुलाने, वन्संना न्यू जर्सीला नेलं. तिथे त्यांचं ग्रीन कार्ड झालं आणि नवीन कटकट सुरू झाली. नाशकात जरा जास्त राहिल्या की परत जाताना विमानतळावरचा अधिकारी विचारणार, बाई, तुम्ही नक्की राहता कुठे? कार्ड जाईल या धास्तीने त्यांना इथे द्राक्षं संपेपर्यंतही धड थांबता येईना. शेवटी त्यांनी सरळ नागरिकत्व घेतलं. "नाशकात निवांत राहता यावं म्हणून मी अमेरिकन झाले," असं त्या स्वतःच सांगायच्या आणि ऐकणाऱ्याचं तोंड बघायच्या. त्यासाठी परीक्षा होती. राज्यघटनेवरचे प्रश्न त्यांनी असे पाठ केले की ऐकून ऐकून त्यांची सून रेवतीही पास झाली असती. रोज संध्याकाळी, म्हणजे त्यांच्या सकाळी, फोन यायचा, आणि ह्यांना विचारपूस कमी आणि प्रश्न जास्त यायचे. पोलिसाला घरात शिरायला काय लागतं? आरोपीला वकील कोण देतं?

परीक्षा झाली तरी वेड गेलं नाही, उलट वाढलं. तिथली वर्तमानपत्रं त्या शाईसकट वाचायच्या. तिकडे म्हणे यावरून घराघरांत वाद. अडीचशे वर्षांपूर्वी लिहिलेली घटना तेव्हाच्या माणसांच्या मनातल्या अर्थाने वाचायची, की आजच्या माणसांना लागू पडेल अशी? पोलिसांना तुमचा मोबाइल उघडून बघता येतो का? जामिनाची रक्कम नाही म्हणून खटला उभा राहण्याआधीच माणूस तुरुंगात बसून राहतो, हा कुठला न्याय? वन्संना यातला पहिला वाद फार आवडायचा. म्हणायच्या, सोवळं कसं पाळायचं यावरून मी माझ्या सासूबाईंशी हाच वाद घातलाय, फक्त तेव्हा तिकडच्या सुप्रीम कोर्टासारखे नऊ न्यायमूर्ती नव्हते, एकच होत्या आणि त्या सासूबाईच होत्या. ह्यांचं म्हणणं एकच, एवढे हक्क दिले तर गुन्हेगार सुटतील. वन्सं म्हणायच्या, सुटतील काही. मग दोघं भाऊ-बहीण फोनवर तावातावाने भांडायचे आणि बिल मंदारच्या नावावर.

आणि एकदा उन्हाळ्यात त्यांचं बोलणं आटलं. फोन रोज यायचा, पण हवा कशी आहे, जेवलात का, एवढ्यावर संपायचा. काय चाललंय विचारलं तर "काही नाही." बरं नाही का? "बरी आहे." मग? "मला बोलता येत नाही, विचारू नका." झालं! मखमलाबादला बैठक भरली. शालनने ओझरहून येऊन सांगितलं की ताईचा आवाज घाबरल्यासारखा वाटतो. ह्यांनी निदान केलं की सुनेचं काहीतरी आहे, ती शेजारी उभी राहून ऐकत असणार. ह्यांच्या चुलत्यांनी अशा दोन सुनांची उदाहरणं दिली. शेवटी ह्यांनी मंदारला फोन लावला आणि आई-बापांना कसं वागवावं यावर असं काही ऐकवलं की तो बिचारा "मामा, आईनेच सांगू नको म्हटलंय" एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. त्यावरून तर आमची खात्रीच झाली. मी त्या बैठकीत चहा देत होते. मला काही कोणी विचारलं नाही.

खरी गोष्ट त्या थंडीत वन्सं नाशकात आल्यावर कळली. मी शेडमध्ये शेवंती निवडत होते आणि त्या समोर खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांना ज्युरीत बसायचं बोलावणं आलं होतं. तिथे गुन्ह्याचा खटला असला की न्यायाधीश एकटा निकाल देत नाही. गावातली बारा साधी माणसं बसवतात, आणि आरोपी दोषी आहे की नाही हे त्यांनी एकमताने ठरवायचं. आपल्याकडेही कधीकाळी होतं ते, मग बंद झालं. खटला चालू असेपर्यंत त्याबद्दल घरात, बाहेर, कोणाशी बोलायचं नाही असा हुकूम असतो. ज्युरीत आहे एवढं सांगायला हरकत नव्हती, रेवतीने तसं समजावलंही. पण नियम पाळायचा तर शेवटच्या टोकापर्यंत, अशा त्या. तेवढंही आम्हाला सांगितलं नाही, आणि आम्ही इकडे रेवतीला खलनायिका करून बसलो होतो.

आधी म्हणे प्रत्येकाला प्रश्न विचारतात. न्यायाधीश बाई होत्या. त्यांनी विचारलं, आरोपीला बोलायची सक्ती नाही, तो स्वतःच्या बचावासाठी एक शब्दही बोलला नाही तर ते तुम्ही त्याच्या विरुद्ध धराल का? बाकीचे 'नाही' म्हणून मोकळे झाले. वन्सं म्हणाल्या, हो, धरीन. न्यायाधीश बाईंनी मग समजावलं की घटनेने त्याला तो हक्क दिलाय, त्याच्या गप्प बसण्याचा काहीही अर्थ तुम्ही लावायचा नाही, ही माझी सूचना तुम्हाला पाळता येईल का? वन्संनी सांगितलं, मी आयुष्यभर मुलींना माझ्या सूचना पाळायला लावल्यात, तेव्हा आता तुमची पाळून बघीन. सगळे हसले आणि त्यांना घेतलं.

आरोपी म्हणजे घरोघरी जाऊन हीटर दुरुस्त करणारा एक मध्यमवयीन माणूस. एका म्हातारीच्या घरी काम करून गेला आणि नंतर तिच्या दागिन्यांचा डबा सापडेना. दागिने त्याच्याकडे मिळाले नव्हते, कोणी घेताना पाहिलं नव्हतं. तो त्या दिवशी त्या घरात होता, एवढं मात्र नक्की. वकिलांचं आपसांत काही वाजलं की न्यायाधीश बाई ज्युरीला बाहेर काढायच्या, आणि वन्संना तेवढ्यात काय झालं याची हुरहुर लागायची. तो माणूस सगळे दिवस समोरच्या टेबलाकडे बघत बसून राहिला. बोलला नाही. आणि वन्सं मला म्हणाल्या, त्यांनी सूचना पाळायचं कबूल केलं होतं तरी आतून एकच आवाज यायचा, केलं नसेल तर बोलत का नाही?

सगळं ऐकून झाल्यावर बारा जणांना एका खोलीत बसवलं. पहिल्या फेरीत बऱ्याच जणांचं मत दोषी असंच पडलं. वन्सं बोलून गेल्या, निर्दोष असता तर बोलला नसता का? शेजारी बसलेली सलूनवाली बाई म्हणाली, ताई, त्याबद्दल बोलायचं नाही असं आपल्याला सांगितलंय. वर्गात बोट दाखवून कोणी चूक काढावी तसं झालं त्यांना. त्या गप्प झाल्या. कितीतरी वेळ त्या खोलीत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. शेवटी जो त्यांचा प्रमुख होता तो टेबलाभोवती मतं घेत त्यांच्यापर्यंत आला आणि म्हणाला, तुम्ही काही बोलत नाही, म्हणजे तुम्ही आमच्या बाजूने, मी धरून चालतो.

वन्संच्या हातात एक शेवंतीचं फूल होतं, ते त्यांनी करंडीत परत टाकलं.

"मी त्यांच्या बाजूने नव्हतेच गं," त्या म्हणाल्या. "मी मखमलाबादला होते."

पुढचं त्यांनी भराभर सांगितलं. माझं गप्प बसणं धरू नका, असं त्यांनी त्या माणसाला सांगितलं आणि मग म्हातारीची साक्ष, डबा शेवटचा कधी दिसला, घरात आणखी कोण येऊन गेलं, हे पहिल्यापासून बघू या म्हटलं. सलूनवालीला शंका होतीच, आणखी एक-दोघांना होती. दुसऱ्या दिवशी बाराही जणांचं एकमत झालं की गुन्हा सिद्ध होत नाही. निकाल वाचला तेव्हा त्या माणसाने टेबलावर डोकं टेकलं आणि तसाच राहिला. त्याने चोरी केली होती की नव्हती, हे वन्संना शेवटपर्यंत कळलं नाही. त्या म्हणाल्या, गंमत म्हणजे ते न कळताही मला शांत झोप लागली.

मी मान वर केली नाही. मला पुढे काय येणार ते कळलं होतं आणि ते येऊ नये असंही वाटत होतं.

"सुमन, त्या दिवशी तू गप्प बसलीस आणि त्याचा अर्थ मी लावला. माझं चुकलं."

इतकी वर्षं पोटात ठेवलेलं माझ्या तोंडाशी आलं. ज्या माणसासाठी मी तोंड मिटलं होतं ते माणूसही आता राहिलं नव्हतं, मला अडवणारं कोणी नव्हतं. मी म्हटलं, वन्सं, ते कोणी सांगितलं होतं ते... त्यांनी हात वर केला.

"सांगू नकोस. सांगितलंस तर ते खरं की खोटं, हे ठरवत मी बसेन. मला आता तुझ्याबद्दल काही ठरवायचंच नाही."

खोटं कशाला बोलू, मला आधी रागच आला. अर्धं आयुष्य मी जे जपलं ते ऐकून घ्यायलाही या बाईला वेळ नाही! शिक्षा द्यायला पुढे, आणि खुलासा करायची वेळ आली की हात वर. मी उठून घरात गेले आणि चहाचं पातेलं असं आपटलं की ह्यांनी बाहेरून विचारलं, काय पडलं? चहा उकळेपर्यंत ओट्याशी उभी राहिले. आणि हळूहळू लक्षात आलं की माझे खांदे सैल पडलेत. मी नाव सांगितलं असतं तर मी सुटले असते ते दुसऱ्या कोणाला तरी त्या जागी उभं करून. वन्संनी मला कोणाच्याही बदल्यात सोडलं नव्हतं. नुसतं सोडलं होतं. चहा उतू गेला, शेगडी विझली आणि मी एकटीच हसायला लागले. बाहेर येऊन कप त्यांच्या हातात दिला तर म्हणाल्या, अर्धाच आणलास, राग गेला नाही वाटतं. कितीतरी वर्षांनी त्या मला टोचून बोलल्या होत्या. मी त्यांना सांगितलं, उरलेला शेगडीने प्यायला. कोणाच्या बदल्यात सुटायचं नाही म्हणूनच त्या माणसाचं नाव मी इथेही लिहीत नाही, आणि लिहावंसंही वाटत नाही.

त्यानंतर वन्सं नाशकातच राहायला लागल्या, गंगापूर रोडच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये. आता परत जाणार नाही म्हणाल्या. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. सकाळी जॉगिंग ट्रॅकवर त्यांची सभा भरायची. तिथे त्यांनी अमेरिकेतल्या त्या हक्काचं इतकं कौतुक चालवलं की जिल्हा न्यायालयात वकिली करून निवृत्त झालेले एक गृहस्थ एक दिवस न राहवून म्हणाले, अहो बाई, आरोपीला स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती करता येत नाही हे आपल्याही घटनेत आहे, पहिल्यापासून आहे. वन्संचा चेहरा पडला. घरी येऊन मला म्हणाल्या, बघ, घरातलं शोधायला मी कुठल्या कुठे गेले. मग त्यांनी आपली घटना आणली आणि त्याच उत्साहाने वाचायला घेतली. इथे पोलीस कोठडीत कबुलीजबाब कसे होतात यावरून त्या गृहस्थांशी रोज वाजायला लागलं. वन्सं गेल्यावर ते भेटायला आले तेव्हा म्हणाले, ट्रॅक फार शांत झालाय हो.

त्या चार वर्षांत आम्ही दोघी खूप बोललो, पुन्हा नको तितकं बोललो. माझ्यापुढे विषय बदलायचं घरात हळूहळू बंद झालं, कारण वन्संच सगळ्यांदेखत मला सगळं सांगायच्या. एकच बाब माझ्या मनात राहिली होती. वन्संनी मला मोकळं केलं, पण लग्न मोडलं होतं ते शालनचं. तिच्या मनात काय होतं ते मला माहीत नव्हतं. विचारायला धीर होत नव्हता, आणि वन्संनी तिला काही सांगितलंय का हेही कळत नव्हतं. ती तशीच वागायची, नीट, आणि थोडी लांबून.

तेराव्याला वन्संच्या फ्लॅटमध्ये आम्ही घरचीच माणसं जमलो होतो. मंदार आणि रेवती आले होते. पुरुषांची पंगत उठली, बायकांची बसली, आणि घरची सून म्हणून मी वाढत होते. वन्संचा तो हॉल म्हणजे त्यांचा वर्गच होता. भिंतीला लागून पुस्तकांचं कपाट, खिडकीशी त्यांची खुर्ची. त्या दिवशीही त्या खुर्चीवर कोणी बसलं नव्हतं, कोणी कोणाला तसं सांगितलेलं नसताना. दिंडोरीकडच्या ह्यांच्या म्हाताऱ्या आत्या रेवतीच्या समोर बसल्या होत्या. त्यांनी घास घेता घेता विचारलं, "काय गं, तिकडं एवढं मोठं घर हाय म्हणत्यात तुमचं. मग कुमुदला शेवटी इथं एकटीला का ठेवली?"

रेवतीचा हात थांबला. तिने आत्यांकडे पाहिलं, मग पानाकडे पाहिलं आणि काही बोलली नाही. पंगत गप्प झाली. ती शांतता माझ्या चांगल्या ओळखीची होती. बायकांच्या नजरा एकमेकींना भेटल्या, आत्यांनी "असं होय" अशी मान हलवली, आणि निकाल लागायला आता फक्त कोणीतरी 'बरं' म्हणायचं बाकी होतं. माझ्या हातात भाताचं ताट होतं. काहीतरी बोलायला म्हणून मी तोंड उघडलं, पण माझ्याआधी शालन बोलली.

"आत्या, ताईच्या घरात गप्प बसलेल्या माणसाला दुसऱ्यांदा विचारायचं नाही. त्याचा अर्थ पण लावायचा नाही. ताईने मला तसं बजावलंय, आणि मला ते पटलंय."

बोलत होती ती रेवतीसाठी, पण सगळा वेळ बघत होती माझ्याकडे.

"म्या आपलं सहज इचारलं बाई," आत्या पुटपुटल्या आणि त्यांनी कढी मागितली. शालन अर्ध्या जेवणावरून उठली. हात धुऊन आली आणि माझ्या हातातलं ताट तिने काढून घेतलं.

"वहिनी, तुम्ही बसा आता. मी वाढते."

घरच्या सुनेने शेवटी जेवायचं, मी नाही म्हणायला हवं होतं. पण रेवतीने सरकून शेजारी जागा केली होती. मी बसले, आणि शालनने मला भात वाढला.